अनाशी ढाकायच्या आधी

शिमग्याची राख माळावर कोमट असते
तोवर आमच्या मशिदीत चुना भिजत पडतो.
मशीदच म्हणतो आम्ही, गावही म्हणतं;
सिनेगॉग हा शब्द फक्त पावतीबुकावर.

या पौर्णिमेपासून
हनुमान जयंतीच्या पौर्णिमेपर्यंत
चार आठवडे. हा हिशेब सोपा.
डोक्यांचा अवघड.

रेवदंड्यात आम्ही सहा पुरुष, थेरोंड्यात एक,
नागावला दोघे भाऊ, बोलत नाहीत एकमेकांशी,
पण दहात धरायला बोलणं लागत नाही.
झाले नऊ.
दहावा पनवेलहून येतो,
गुडघा बरा असला तर.

तीस वर्षं मी एस्टीत कंडक्टर,
अलिबाग–मुरूड.
तेव्हा उभे प्रवासी अकराच्या वर घेतले
की साहेब मेमो द्यायचा.
आता दहा बसलेले मिळत नाहीत.

यंदा मिल्काबाई वाकरूळकर म्हणाल्या,
मुंबईची पाकिटं नकोत,
पुठ्ठा चावल्यासारखी लागतात. इथेच भाजू.
कोणी विरोध केला नाही.
मिल्काबाईंना विरोध करणारे सगळे
माडांच्या मागे दगडाखाली आहेत.

गहू आले. निवडायला ओट्यावर चार बायका
आणि बंदरावरून दर्याबाई, नेहमीसारखी.
तिच्या पिशवीत पाव होता चहासाठीचा.
कोणी काही म्हणायच्या आधी
ती उठली, पिशवी
फाटकाबाहेर चाफ्याला टांगून आली.
हात धुतले. परत सूप घेतलं मांडीवर.

कल्हईला उस्मानभाई नाहीत आता,
पुतण्या येतो रोह्याहून, मोटारसायकलवर.
भात्याच्या जागी छोटा पंखा,
पण नवसागराचा धूर तोच, डोळ्यांत जाणारा.
मोठ्या टोपात कथील फिरलं,
मी वाकून पाहिलं.
हस्केल मागून म्हणाला, दाढी कर सणाच्या आधी.

आईच्या वेळी पेसाह कोणी म्हणत नसे.
अनाशी ढाकायचा सण.
आंबट पाण्याची बरणी आठ दिवस झाकायची.
काय असायचं तिच्यात?
मिल्काबाई म्हणतात कैरी. हस्केल म्हणतो ताडीचा शिरका.
थेरोंड्याचा बिनयामीन शपथेवर सांगतो, मासळीचं पाणी.
बरणी आहे माझ्याकडे,
कानाशी एक टवका उडालेली.
दरवर्षी मी ती रिकामीच झाकतो,
धुतलेलं फडकं, सुतळी, दोन गाठी.
आठ दिवसांनी सोडताना वास घेतो.
फडक्याचाच येतो.

काल तालीम झाली.
पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटं,
एकोणिसाव्याला भाकरी बाद.
घड्याळ सगळ्यांकडे आहे, शिट्टी माझ्याकडे.
लाटणी फिरली, बांगड्या वर सरकल्या,
तव्याशी नागावचे दोघे भाऊ,
एक टाकतोय, एक उलटतोय,
मध्ये शब्द नाही.
पहिली खेप एकवीस मिनिटं. सगळी
दर्याबाईच्या कोंबड्यांना.
दुसरी सोळा.
मिल्काबाई म्हणाल्या, उरलेल्या दोन मिनिटांचं काय करायचं?
कोणाला सुचेना. बसलो.
तेवढ्यात धाकटा भाऊ म्हणाला,
चटका बसला काय रे?
मोठा म्हणाला, थोडा.

रात्री पनवेलचा फोन आला.
गुडघा बरा आहे म्हणे, एकदम बरा.
पण मुलानं तिकीट पाठवलंय अश्दोदहून,
सण तिकडेच, पुढचंही बघू.
मी म्हटलं, सांभाळून जा,
खिडकीची सीट माग.

मिल्काबाईंना अजून सांगितलेलं नाही.
खडूनं भिंतीवर दहा रेघा आहेत, भाकऱ्यांच्या हिशेबाला;
मी एकही पुसली नाही.
स्टँडवरून गाडी काढताना
वेळ झाली तरी कंडक्टर एकदा
मागच्या काचेतून बघतो,
कोणी पळत येतंय का, पिशवी सांभाळत.
नियमात नाही ते.
दोरी हातात असते,
ड्रायव्हर आरशात बघून कावतो,
आणि आपण म्हणतो, थांब रे,
थांब जरा.